बेंबीचे डॉक्टर

रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत तासभर उभं राहून, नंबर आल्यावर मटण न घेता पित्ताची पिशवी चिकटलेली कलेजी मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सर्जरी मी त्यांच्याकडून शिकले.

मी चंदगड भागातली. एम.एस. होऊन नुकतीच कोल्हापुरात आले होते. सरांचं हॉस्पिटल म्हणजे वीस खाटा, एक ऑपरेशन थिएटर आणि जिन्यात कायम कुणा नातेवाइकांनी सोडलेली भाकरीची फडकी. नोकरीसाठी भेटायला गेले तेव्हा त्यांनी माझी सर्टिफिकेटं उलटी करून टेबलावर ठेवली आणि एकच प्रश्न विचारला.

"कलेजी खातीस काय?"

"खाते, सर."

"मग रविवारी आठला ये. खायाला न्हाय, बघायला."

मटणाच्या दुकानाचे मालक सत्तरीच्या घरातले होते. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची. त्यांनी बोलावूनही सर रांग सोडून पुढं गेले नाहीत. नंबर आला तसं त्यांनी मला आत, ओंडक्याच्या शेजारी उभं केलं आणि म्हणाले, "चाचा, हिला दाखवा."

चाचांनी एक अख्खी कलेजी तळहातावर घेतली. तिच्या खालच्या अंगाला हिरवट, बोटाएवढी पिशवी लोंबत होती. त्यांनी सुरीचं टोक एकदाच टेकवलं, सुरी बाजूला ठेवली आणि नुसत्या अंगठ्यानं ती पिशवी कलेजीपासून सोडवत आणली.

"बेटी, हे फुटलं की अख्खी कलेजी कडू जहर," ते म्हणाले. "जोर लावायचा न्हाई. ते कुठनं सुटायला तयार हाय ते बघत ऱ्हायाचं. तितनंच जायाचं."

पिशवी न फुटता कागदावर आली. मागं रांगेतला एक जण म्हणाला, "चाचा, शाळा मागनं घ्या की. घरात पावणं येऊन बसल्यात." सर त्याच्याकडं वळून अगदी नम्रपणे म्हणाले, "झालंच बघा. एवढा धडा मोठा हाय."

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मी जन्मभर जेवढ्या काढल्या तेवढ्या हे महिन्याभरात काढत्यात. ज्याचा हात चालतोय त्याच्याकडनं शिकायचं. डिग्री कुणाची हाय ते नंतर बघू."

पिशवी लागलेल्या दोन कलेज्या त्यांनी घरी नेल्या. त्यांच्या माडीवर एक पत्र्याची पेटी होती. पेटीच्या झाकणाला मधोमध एकच भोक, आत एक छोटा कॅमेरा, आणि त्याचं चित्र भिंतीवरच्या जुन्या टीव्हीवर. त्या एका भोकातून दोन लांब दांड्याची अवजारं आत घालून सर रोज सकाळी न्याहारीआधी अर्धा तास सराव करायचे. रविवारी कलेजी, बाकीच्या वारी भिजवलेले शेंगदाणे. शेंगदाण्याची साल न मोडता, दाण्याला ओरखडा न उठवता उतरवायची. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, ते दाणे धुऊन, वाळवून त्यांचं कूट करायच्या. मी पहिल्यांदा त्यांच्याकडं जेवले तेव्हा वांग्याची भाजी वाढताना त्या म्हणाल्या, "आमच्या घरातलं कूट ऑपरेशन करून काढलेलं असतंय बरं का."

सरांना कोल्हापुरात आणि आसपासच्या खेड्यांत लोक बेंबीचे डॉक्टर म्हणायचे. समोर म्हणायचे. सरांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. पित्ताशयात खडे झाले की पित्ताशयाची पिशवी काढावी लागते. दुर्बिणीनं ती काढताना बहुतेक सर्जन पोटावर चार बारीक भोकं पाडतात, एक कॅमेऱ्यासाठी आणि तीन अवजारांसाठी. सर बेंबीच्या आत दीड-दोन सेंटीमीटरचा एकच छेद घ्यायचे आणि कॅमेरा, अवजारं सगळं त्यातूनच घालायचे. जखम भरली की बेंबीच्या वळीत ती कुणाला दिसायचीही नाही.

ऐकायला हे सुटसुटीत वाटतं. करताना सगळी अवजारं एकाच ठिकाणाहून आत जात असल्यामुळं एकमेकांवर आपटतात. हात एकमेकांवरून ओलांडून धरावे लागतात, म्हणून उजव्या हातातलं टोक पडद्यावर डावीकडं दिसतं आणि डाव्यातलं उजवीकडं. दोन माणसांनी एकाच बाहीत हात घालून सुईत दोरा ओवावा, तसलं काम. मला पहिले सहा महिने त्या पत्र्याच्या पेटीत एक शेंगदाणा धड सोलता आला नाही.

हे त्यांनी पन्नाशी उलटल्यावर शिकून घेतलं होतं. त्याचं कारण त्यांच्या कसबा बावड्याच्या गल्लीतली एक म्हातारी, आक्का. आधी सर सगळ्यांसारखी बरगडीखाली वीतभर पोट कापूनच पिशवी काढायचे. आक्काचीही तशीच काढली. पुढं कितीतरी महिने तिला वैरणीचा भारा उचलता येईना. एक दिवस सर भावाच्या उसाकडं निघाले होते, तेव्हा तिनं त्यांना वाटेत अडवलं.

"पिशवी केवढी रं असतीया?" तिनं विचारलं.

सरांनी बोटानं दाखवलं.

"मग एवढीशी काढायला एवढं मोठं दार पाडलंस व्हय?"

सर ही गोष्ट सांगताना हसायचे नाहीत. आक्काच्या त्या प्रश्नानंतर ते दुर्बिणीची सर्जरी शिकायला गेले, आपल्या मुलाच्या वयाच्या डॉक्टरांच्या मागं उभे राहिले, आणि चार भोकांची पद्धत हाताला बसल्यावरही थांबले नाहीत. पण एका छेदाचं कौतुक कुणी फार करायला लागलं की तेच अडवायचे. "तीन भोकं वाचली म्हणून कोण अमर होत न्हाय. जमलं तर बरं दिसतंय, थोडं कमी दुखतंय. बाकी पिशवी तीच."

थिएटरमध्ये त्यांची एक तऱ्हा होती, तिनं नवा माणूस चक्रावून जायचा. आत आलेल्या प्रत्येकाला ते डॉक्टर म्हणायचे. मला डॉक्टर, भूल देणाऱ्यांना डॉक्टर, थिएटरच्या सिस्टर शैलाताईंना डॉक्टर आणि फरशी पुसणाऱ्या मावशींनाही डॉक्टर. "डॉक्टर, कात्री," असं ते म्हणाले की चार माणसं मान वर करायची. मी एकदा धीर करून विचारलं की हे कशासाठी.

"मी कुठंतरी भलतीकडं हात घालाय लागलो तर 'थांबा' म्हणायला कोणतरी धजावलं पाहिजे," ते म्हणाले. "मावशी म्हटलं की ती गप्प बसती. डॉक्टर म्हटलं की बोलती."

आणि मावशी बोलायच्या. एकदा सर टाके घालत असताना त्या कोपऱ्यातून म्हणाल्या, "डॉक्टर, त्या बाईचा हात टेबलाखाली लोंबायलाय, मुंग्या येतील." सरांनी हातातलं थांबवलं, बाईचा हात वर घ्यायला लावला आणि "बरं झालं, डॉक्टर," म्हणून पुढचे टाके घालायला लागले.

दुसरी तऱ्हा खुणांची. एकाच छेदातून पिशवी काढायची ठरलेली असली तरी रुग्णाच्या पोटावर ते पेनानं चार खुणा करायचे. एक बेंबीत, एक छातीच्या हाडाखाली, दोन उजव्या कुशीवर. बाहेरून आलेला एक तरुण सर्जन हसून म्हणाला, "सर, तुम्ही तर एकाच छेदासाठी प्रसिद्ध. मग ह्या तीन कशाला?"

"न्हाई वापरल्या तर साबणानं जातील," सर म्हणाले.

सरांनी आठ वर्षांत मला कधी शाबासकी दिली नाही. काम बरं झालं तर म्हणायचे, "व्हय." वाईट झालं तर काहीच म्हणायचे नाहीत, आणि त्या दिवशी चहा एकटेच प्यायचे. मला त्यांच्या हातातलं सगळं कसब हवं होतं, आणि लवकर हवं होतं. दोन-तीन वर्षांत मी त्यांच्या देखरेखीखाली एका छेदातून पिशव्या काढायला लागले. पडद्यावर माझी अवजारं न आपटता फिरताना दिसली की मला स्वतःचाच हेवा वाटायचा. त्या दिवसांत रेश्मा आली.

रेश्मा कबनूरची. वडील यंत्रमागावर कामाला. लग्न दीड महिन्यावर आलेलं आणि पोटात पित्ताचे खडे, दर आठ दिवसांनी कळ. तिची आई सारखं एकच विचारत होती, पोटावर खूण राहील का. मी त्यांना सांगितलं, "एकच छेद, तोही बेंबीत. दिसणारसुद्धा नाही." माय-लेकी खूश होऊन गेल्या. सर शेजारच्या टेबलावर बसून ऐकत होते.

"तू तिच्या पोटात जाऊन आलीयास काय?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर."

"मग वायदा कशाच्या जोरावर केलास?"

मी हसण्यावारी नेलं.

ऑपरेशनच्या दिवशी आत गेल्यावर दिसलं की पिशवी सुजून जाड झाली होती आणि भोवतालची चरबी तिला घट्ट चिकटली होती. सरांनी कॅमेरा धरला होता, अवजारं माझ्या हातात. मी सोडवायला लागले. एक थर सुटला की खाली दुसरा. अवजारं एकमेकांत अडकत होती. सरांनी एकदा विचारलं, "काय करूया?" मी म्हटलं, "पाच मिनिटं, सर." मग पुन्हा पाच मिनिटं. असं किती वेळा म्हटलं ते मला आठवत नाही. माझ्या मनात तिची आई होती, माझा शब्द होता, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त मी होते.

एकदम पडद्यावरचं चित्र मागं गेलं. पिशवी, यकृत, सगळं लांब जाऊन नुसता गुलाबी अंधार उरला. सरांनी कॅमेरा मागं ओढून घेतला होता.

"सर, दिसत नाहीये."

"मलाबी दिसंना," ते शांतपणे म्हणाले. "मघापासनं पडद्यावर मला तूच दिसायलीयास. रेश्मा कुठं हाय?"

माझे कान गरम झाले. सरांनी शैलाताईंकडून आणखी दोन पोर्ट, म्हणजे अवजार आत घालायच्या नळ्या, मागून घेतल्या. पेनानं केलेल्या खुणांवर दोन बारीक भोकं घेतली, पिशवी दोन बाजूंनी ताणून धरली आणि अवजारं परत माझ्याच हातात दिली. तासभर न सुटलेलं वीस मिनिटांत सुटलं.

मी त्या दिवशी जेवले नाही. सरांचा राग आला होता, की स्वतःचा, ते तेव्हा कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला बरोबर घेऊन रेश्माच्या खाटेपाशी गेले.

"बाळ, वायदा एका छेदाचा होता, झाले तीन," ते तिला म्हणाले. "चूक तुझ्या पोटाची न्हाय. न बघता शबुद दिला, ती आमची."

ते 'आमची' म्हणाले. माझी म्हणाले नाहीत. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रेश्मानं चादर उचलून आपल्या पोटाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ताई, तुम्ही का रडालाय?" ती म्हणाली. "दुखतंय मला."

तिची आई हसली, सर हसले, आणि मग मलाही हसू आलं. जिन्यात सर थांबले. "वायदा करायचा तर एवढाच करायचा," ते म्हणाले. "पिशवी काढतो आणि तुला धडधाकट घरी धाडतो. मधलं सगळं आपल्यापाशी." रेश्माच्या लग्नाचे लाडू आले तेव्हा त्यांनी डबा उघडून आधी माझ्यापुढं धरला.

त्यानंतर पाच वर्षं गेली. मी कितीतरी पिशव्या काढल्या. पण एका छेदाचं ऑपरेशन सर थिएटरमध्ये नसताना मी एकदाही केलं नव्हतं. ते कॅमेरा धरायचे, नाहीतर मागं स्टीलच्या स्टुलावर बसून पडद्याकडं बघत राहायचे. काही बोलायचे नाहीत. ते बसलेत एवढं मला पुरायचं.

एका सोमवारी शैलाताई माझ्याकडं येऊन म्हणाल्या, "सरांकडं जरा बघा. उजवी कूस दाबून धरतात, आणि कोण आलं की हात काढतात." मी त्यांना जवळजवळ ओढतच सोनोग्राफीला नेलं. पित्ताशयात चार खडे होते. सरांनी पडद्यावर ते स्वतःच मोजले आणि म्हणाले, "आता लोक हसतील."

लोक हसलेच. चाचांना कळलं तसं ते हॉस्पिटलात आले आणि म्हणाले, "डॉक्टर, इतक्या वर्षांत माझ्या बकऱ्यांच्या सगळ्या नेल्यात, आता स्वतःची द्यायची पाळी आली म्हणा."

सरांचा मुलगा पुण्यात असतो. तो दुसऱ्याच दिवशी आला. त्यानं तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात सगळं ठरवून ठेवलं होतं. घरी सगळे बसलो होतो. मुलगा चांगला होता आणि त्याचं बोलणं मला पटत होतं.

"बाबा, तिथली माणसं रोज हेच करतात," तो म्हणाला.

"आणि मी हितं लोकांना इतकी वर्षं सांगतोय, पुण्याला जायची गरज न्हाय म्हणून," सर म्हणाले. "आता माझी वेळ आल्यावर मीच जाऊन बसू व्हय तितं? माझी पिशवी ही काढंल."

मुलानं माझ्याकडं बघितलं. त्याला अवघडल्यासारखं झालं, पण त्यानं विचारलं. "राग मानू नका, पण बाबांशिवाय तुम्ही एकट्यानं हे कधी केलंय का?"

"नाही," मी म्हटलं.

"एकटी कुठं असणार हाय ती?" सर म्हणाले. "मी असणारच की थेटरात. आडवा असंन एवढंच."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेले आणि सरळ सांगितलं की मला हे नको. माझा हात थरथरला तर काय करू.

"थांबायचं," ते म्हणाले. "थरथरतंय तवर कापायचं न्हाय. त्यात काय एवढं."

"आणि अडलं तर? तुमच्या पोटावर मी किती भोकं पाडू?"

त्यांनी चष्मा काढला. "हे बघ. भूल चढल्यावर मी सर न्हाय. एक पोट हाय. वय सदुसष्ट, खडे चार. तसंच लिव कागदावर."

संमतीपत्र त्यांनी स्वतः भरलं. 'शस्त्रक्रियेचा प्रकार' असं जिथं छापलेलं असतं तिथं लिहिलं, 'डॉक्टर ठरवेल तो', आणि खाली सही केली.

ऑपरेशनच्या सकाळी टेबलावर त्यांच्या पोटावरचा कपडा बाजूला केला, तर चारही खुणा आधीच केलेल्या. नेमक्या जागी, गोल, सारख्या आकाराच्या, रांगोळीचे ठिपके मांडावेत तशा. "घरातनं निघताना तुझ्या काकूकडनं काढून घेतल्या," सर म्हणाले. "मी सांगत गेलो, ती ठिपके देत गेली." मग त्यांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं. "आज मी कुणाला हाक मारणार न्हाय. तुमचं तुम्ही बघा." आणि भूल चढली.

बेंबीतून आत गेले. कॅमेरा शैलाताईंनी धरला. पहिला अर्धा तास सगळं ठीक चाललं. पिशवी फार सुजलेली नव्हती. मग मी तिच्या मानेपाशी पोचले. पित्ताशय काढताना तिथंच जपायचं असतं. पिशवीकडं दोनच गोष्टी जाताना स्वच्छ दिसल्या पाहिजेत, एक पित्ताची बारीक नळी आणि एक रक्तवाहिनी. त्या दोन दिसल्याशिवाय काही बांधायचं नाही, काही तोडायचं नाही. कारण त्यांच्या मागंच यकृताकडून आतड्याकडं जाणारी मोठी पित्तनळी असते. बारकी समजून ती कापली, तर माणूस जन्माचा अडकतो.

मला एक नळी दिसत होती. तिच्या मागं एक घडी होती आणि घडीत आणखी काहीतरी. ती रक्तवाहिनी असावी, असं मला जवळजवळ खात्रीनं वाटत होतं. पिशवी बाजूला ओढली की घडी उलगडली असती. पण सगळी अवजारं एकाच वाटेनं आलेली, त्यामुळं हवी तशी ओढ मिळत नव्हती. मी एकदा ओढून बघितलं, दोनदा बघितलं. उजव्या हाताचं टोक पडद्यावर हलायला लागलं.

मी थांबले. अवजारं स्थिर ठेवून हात सैल सोडले. मागं वळून बघितलं. स्टीलचं स्टूल भिंतीला लागून तसंच होतं, त्यावर कुणी नव्हतं. समोर सरांचा चेहरा, तोंडात नळी, डोळे चिकटपट्टीनं मिटलेले. बाहेर त्यांचा मुलगा आणि काकू. मला हेही माहीत होतं की संध्याकाळपर्यंत निम्मं कोल्हापूर विचारणार, बेंबीच्या डॉक्टरांची पिशवी बेंबीतून निघाली का.

"थांबलाय ते बरं केलं, डॉक्टर," शैलाताई हळूच म्हणाल्या.

मी परत पडद्याकडं वळले. "शैलाताई, पाच एमएमचं एक पोर्ट द्या."

उजव्या कुशीवर काकूंनी दिलेल्या ठिपक्यावर अर्ध्या सेंटीमीटरचं भोक घेतलं. त्यातून चिमटा आत घालून पिशवी धरली आणि बाजूला ओढली. घडी उलगडली. रक्तवाहिनी वर होती, बारीक, धडधडणारी. आणि ज्याला मी रक्तवाहिनी समजत होते ते वेगळंच, खाली आतड्याकडं जात होतं. ती मोठी पित्तनळी होती. पिशवीच्या ओढीनं वर आलेली.

नळी बंद करायची माझी क्लिप तिच्यावर पडली असती की शेजारी, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढचं काम सरळ होतं. मी दोन्ही गोष्टी दाखवून भूल देणाऱ्या डॉक्टरांकडून आणि शैलाताईंकडून मोठ्यानं हो म्हणवून घेतलं, मग क्लिपा लावल्या. पिशवी न फुटता बेंबीतून बाहेर आली. खडे चारच होते.

दुपारी सर पुरते शुद्धीवर आले. मी खाटेपाशी उभी होते. त्यांनी हात पोटावर फिरवला. बेंबीवरची पट्टी लागली, मग कुशीवरची.

"दोन?" त्यांनी विचारलं.

"दोन," मी म्हटलं. "मानेपाशी घडी होती. दोन्ही गोष्टी स्वच्छ दिसेनात. बाजूनं धरायला हात हवा होता."

त्यांनी डोळे मिटले. बोलले काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी घरी जातानाही नाहीत. मुलानं माझे आभार मानले, मनापासून मानले, पण माझं लक्ष सरांकडं होतं. ते गाडीत बसले आणि समोर बघत राहिले. मी आठवडाभर स्वतःशी ते ऑपरेशन पुन्हापुन्हा करत होते आणि दर वेळी त्याच जागी तेच पोर्ट मागत होते. काकूंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "जेवतात चांगलं. बोलत नाहीत ते मनावर घेऊ नकोस. काहीतरी ठरवायला लागले की ते असेच असतात."

नवव्या दिवशी ते ओपीडीत येऊन बसले. मी वॉर्डातून एक फाईल घेऊन खाली आले तेव्हा खोली गच्च भरलेली. समोर एक थोराड, साठीतले शेतकरी बसले होते. त्यांनाही खडे होते, आणि ते घाबरले होते.

"बेंबीचे डॉक्टर तुम्हीच न्हवं?" ते विचारत होते. "माझं एकाच भोकात हुईल न्हवं? दुसरं न्हाय पाडायचं. गावात सांगून आलोय मी."

सर खुर्चीतून उठले. शर्टाची बटणं काढली आणि सगळ्या ओपीडीसमोर बनियन वर केलं. बायकाही बसल्या होत्या. शैलाताईंनी कपाळाला हात लावला.

"बघा हितं," सर म्हणाले. "नऊ दिवस झाले माझी पिशवी काढून. बेंबीत काय दिसतंय?"

त्या गृहस्थांनी वाकून बघितलं. "काय न्हाय."

"आणि हितं कुशीवर?"

"बारकी खूण हाय एक."

"बेंबीतलं मी शिकीवलं. ते दिसतबी न्हाय," सर म्हणाले. तेवढ्यात त्यांना मी दारात दिसले. त्यांनी आवाज कमी केला नाही, उलट वाढवला. "हे दिसतंय ते मी शिकीवलेलं न्हवं. हे त्या बाईंच्या अकलेचं हाय. गुरू समोर झोपलेला, गावभर त्याचं नाव एका भोकाचं, आणि हिनं दुसरं पाडलं. मी तिच्या जागी असतो तर पाडलं असतं का, ह्याचा मी आठ दिवस घरी बसून इचार केला. मला सांगता येईना. आता ऑपरेशन हीच करती. मी कॅमेरा धरतोय."

खोलीतली सगळी डोकी माझ्याकडं वळली. ते शेतकरी थोडा वेळ माझ्याकडं, थोडा वेळ सरांच्या कुशीकडं बघत राहिले. मग त्यांनी उजव्या हाताचं बोट धोतराला पुसलं.

"हात लावून बघू काय?" त्यांनी विचारलं.

"बघा की," सर म्हणाले, आणि पोट पुढं केलं.

मागच्या बाकावरची दोन माणसं बघायला उठली. एक आजी आपल्या सुनेला म्हणाली, "सरक जरा, मला बघू दे." मी फाईल तोंडासमोर धरून दारातच उभी राहिले.